एकीचा ताळेबंद

ग्रामपंचायतींची पाच वर्षं भरत आली की ‘गाव बिनविरोध’ ही बातमी ठरलेली, सोबत गुलालाचा फोटो. ही एकी कशी जमवली, ते मात्र क्वचितच छापून येतं. जानेवारी 2021च्या निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथे पदांचा चक्क लिलाव झाला. राज्य निवडणूक आयोगाला तिथल्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या.

मग गाव एकत्र राहतं ते कशाने? यावर भाषण ठोकणारे आपल्या नगर जिल्ह्यात पुष्कळ. मला हिवरे बाजारचं उत्तर पटतं, कारण ते मोजता येतं. पोपटराव पवार तिथे 1989 मध्ये सरपंच झाले, पुढे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी, श्रमदान आलं. हे सगळ्यांना पाठ आहे. त्याहून मोलाचा आहे तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती, हे मोजून ग्रामसभेत मांडायचं. माणसांचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरेल त्यावर रब्बीत काय पेरायचं ते ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. ऊस, केळी नाही. (साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे म्हणायला छाती लागते!)

बोअर न घेण्यातच खरी मेख आहे. जमिनीखाली बांध नसतो. एक जण खोल गेला की शेजाऱ्याची विहीर आटते. आपण थांबलो आणि त्याने उपसलं तर, ही धास्ती गाव फोडते. अर्थशास्त्राचं 2009चं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी हेच दाखवून दिलं होतं: नियम वापरणाऱ्यांनीच केले आणि देखरेखही त्यांनीच ठेवली, तर सामाईक गोष्ट टिकते. शेजाऱ्यावर प्रेम नसलं तरी चालेल, तोही थांबलाय याची खात्री हवी.

एका दिवसाच्या श्रमदानाने भारावणाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफचा 1954चा प्रयोगही वाचावा. ओक्लाहोमातल्या शिबिरात त्याने मुलांचे दोन गट आधी झुंजवले, मग पाणीच तोडलं. पोरं एकत्र येऊन बिघाड शोधू लागली, पाणी आलं, आणि जेवायला बसल्यावर पुन्हा जुंपली. सामाईक कामं एकामागून एक काढावी लागली, तेव्हा कुठे वैर निवळलं. ताळेबंदाचं बळही तेच. तो दरवर्षी मांडावा लागतो.

त्याच जानेवारी 2021 मध्ये हिवरे बाजारातही सुमारे 30 वर्षांनी मतदान झालं. पवारांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. आदर्श गावात निवडणूक लागली म्हणून हळहळण्यासारखं मला त्यात काही दिसलं नाही. काळजी आहे ती वेगळीच: तीन दशकांहून जास्त काळ एकाच माणसाच्या शब्दाला वजन आहे. कमी पावसाच्या वर्षी एखाद्या नवख्या सरपंचाने ‘यंदा गहू नको’ म्हटलं आणि विरोधी पॅनेलच्या शेतकऱ्याने ते मानलं, तर त्या गावाची एकी मी खरी मानीन. मग तिथे दर पाच वर्षांनी निवडणूक का होईना.