ताशी नऊ किलोग्रे

जालना जिल्ह्याच्या सीमेजवळचं, बुलढाणा तालुक्यातलं धाड. मृगाचा पाऊस झाला की इथल्या शिवारात खरिपाची घाई सुरू होते. सोयाबीन, कपाशी आणि तुरीच्या जोडीला जिल्ह्यात मूग-उडीदही पेरला जातो. उडदाचं टीएयू-१ हे वाण महाराष्ट्रात गाजलं. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून ते १९८५ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती दिलं. त्याच्या पूर्वजांपैकी एक झाड किरणोत्साराने बदल घडवलेलं होतं. किरणं दिलेलं बी स्वतः किरणोत्सारी होत नाही. त्याच्या जनुकांत बदल होतात आणि पुढच्या कित्येक पिढ्यांतून कामाचं रोप निवडावं लागतं.

अशा प्रयोगांसाठी देशातल्या अनेक प्रयोगशाळांमध्ये वापरलं जाणारं यंत्र म्हणजे गॅमा चेंबर ५०००. ते ‘ब्रिट’ बनवते. ‘ब्रिट’ म्हणजे अणुऊर्जा विभागाचं किरणोत्सार व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ. त्याचं मुख्य ठाणं नवी मुंबईत वाशीला. यंत्राचं वजन ५,६०० किलो आणि आत नमुना ठेवायची जागा जेमतेम पाच लिटरची. बाकी सगळा भार मुख्यतः शिशाचा. मधोमध कोबाल्ट-६०च्या कांड्यांचं गोल कडं असतं. नमुन्याचा डबा वरून खाली त्या कड्यात उतरतो, ठरलेला वेळ थांबतो आणि वर येतो. शिसं अंगावरच असल्यामुळे जाड भिंतींची वेगळी खोली लागत नाही.

या यंत्राच्या माहितीपत्रकात पूर्ण क्षमतेला मिळणारा मात्रेचा दर दोन प्रकारे दिलेला असतो: ताशी ९ किलोग्रे किंवा ताशी ०.९ मेगारॅड. खरी कसोटी इथे लागते. एक किलो पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की ती मात्रा एक ग्रे. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुई हॅरल्ड ग्रे यांच्या नावाचं हे एकक १९७५ मध्ये स्वीकारलं गेलं. त्याआधी रॅड चालत असे, आणि एक ग्रे म्हणजे १०० रॅड. जुन्या शोधनिबंधांत बियाण्याची मात्रा किलोरॅडमध्येच सापडते. ‘३०’ हा आकडा तिथे किलोरॅडचा असेल तर ती मात्रा ३०० ग्रे. कडधान्याच्या कोरड्या बियाण्यावर प्रयोग करताना अशाच काहीशे ग्रेंच्या मात्रा वापरतात. तोच आकडा कुणी किलोग्रे समजून वाचला तर शंभरपट मात्रा पडेल आणि एकही बी उगवणार नाही.

बियाणं हाताळणाऱ्याला तासाचा हिशेब पुरत नाही. ताशी ९ किलोग्रे म्हणजे मिनिटाला १५० ग्रे, सेकंदाला अडीच. म्हणजे ३०० ग्रेंसाठी फक्त दोन मिनिटं. डबा कड्यात उतरताना आणि वर येतानाही किरणं लागतच असतात. एवढ्या थोड्या वेळाच्या कामात ती मात्राही हिशेबात धरावी लागते.

त्यात कोबाल्ट रोज झिजतो. त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षांचं, महिन्याला साधारण एक टक्का जोर कमी होतो. वर्षभराने ताशी ९ किलोग्रेचे सुमारे ७.९ उरतात आणि त्याच ३०० ग्रेंना दोन मिनिटं सतरा सेकंद लागतात. जुन्याच वेळेवर विसंबलं तर बियाण्याला २६३ ग्रेच मिळतात आणि वहीत मात्र ३०० लिहिले जातात. म्हणून दर मोजल्याची तारीख ही दराइतकीच मोलाची. मोजणीची एक जुनी, भरवशाची पद्धत ह्यूगो फ्रिके यांची आहे. फेरस सल्फेटचं आम्लयुक्त द्रावण आत ठेवायचं. किरणांनी फेरसचं फेरिक होतं. ते किती झालं हे ३०४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात मोजलं की ग्रे कळतात.

बुलढाणा जिल्ह्यात हेच गणित दुसऱ्या टोकाने, म्हणजे अगदी मंद दराने, लोणारच्या विवराचं वय काढताना भेटतं. जमीन-खडकांतून उघड्यावर मिळणाऱ्या गॅमा किरणांची जागतिक सरासरी ताशी सुमारे ६० नॅनोग्रे धरली जाते. वर्षाला ती जेमतेम अर्धा मिलिग्रे भरते. गॅमा चेंबर दोन मिनिटांत देतो ते ३०० ग्रे या दराने साठायला सुमारे पावणेसहा लाख वर्षं लागतील.

तापदीप्ती पद्धतीने, म्हणजे खनिज तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून, वय काढताना असाच भागाकार करतात: खनिजात साठलेली मात्रा भागिले वर्षाचा दर. प्रयोगशाळेतला स्रोत सेकंदाच्या हिशेबात मात्रा देतो आणि खडकातला दर ‘हजार वर्षांना इतके ग्रे’ असा मांडतात. दर प्रत्यक्षाच्या निम्मा धरला गेला तर वय दुप्पट येतं. या पद्धतीने लोणारच्या विवराचं वय सुमारे ५२ हजार वर्षं आलं होतं. पण खनिजात साठलेला संकेत काळाच्या ओघात गळू शकतो आणि एका मर्यादेपुढे वाढतही नाही. त्यामुळे जुन्या गोष्टी प्रत्यक्षाहून तरुण दिसण्याचा धोका असतो. पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-आर्गॉन मोजणीने तेच वय ५ लाख ७० हजार वर्षांवर नेलं, ४७ हजार वर्षं इकडेतिकडे.