घर घेणारा आणि पैसा लावणारा

फ्लॅट बुक करणाऱ्यांत दोन तऱ्हेची माणसं असतात. एकाला किल्ली हवी असते. दुसऱ्याला भाव चढल्यावर अलगद बाहेर पडायचं असतं. बिल्डरच्या ऑफिसात दोघांत फरक दिसत नाही. चेक तसाच, करारनामा तोच, सह्याही त्याच पानांवर. कायद्यानेही बराच काळ या दोघांना वेगळं मानलं नाही. गेल्या साठ वर्षांतले कायदे ओळीने पाहिले, तर ही फारकत कशी होत गेली ते कळतं.

सुरुवात १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका कायद्यापासून, म्हणजे ‘मोफा’पासून, करावी लागेल. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी जागच्या जागी गोठली होती. भाड्यासाठी चाळ बांधण्यात अर्थ उरला नाही, तशी मालकी हक्काचे फ्लॅट विकायची पद्धत रुजली आणि तिच्यामागोमाग फसवणूकही आली. मोफाने बिल्डरवर बंधनं घातली: किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त पैसे घेण्याआधी लेखी करार करून तो नोंदवायचा, जमिनीचे हक्क कोणाकडे आहेत ते उघड करायचं, सोसायटी झाल्यावर चार महिन्यांत कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचं हस्तांतरण, करून द्यायचं. यात गुंतवणूकदाराचा विचार नव्हता. घर घेणारा तिथे राहणारच, हे गृहीत होतं.

कन्व्हेयन्सचं कलम बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिलं. जमीन नावावर असली की उद्या वाढणारा एफएसआय, म्हणजे बांधकामाचा हक्क, आपलाच, हे बिल्डरला पक्कं ठाऊक होतं. शेवटी २००८ मध्ये मोफात दुरुस्ती झाली आणि मानीव अभिहस्तांतरण, म्हणजेच ‘डीम्ड कन्व्हेयन्स’, आलं. बिल्डर सही करत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून सोसायटीला जमीन आपल्या नावावर करून घेता येऊ लागली. जुन्या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्या गुंतवणूकदाराचं सगळं गणित पुनर्विकासावर असतं, आणि त्याचा पहिला प्रश्न आजही हाच असतो: कन्व्हेयन्स झालंय का?

दरम्यान १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा येऊन गेला. मुंबईत ५०० आणि पुण्यात १,००० चौरस मीटरहून जास्त मोकळी जमीन ठेवायला बंदी झाली. हेतू जमीन वाटण्याचा होता; प्रत्यक्षात सूट मिळवण्याचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला. केंद्राने हा कायदा १९९९ मध्ये मागे घेतला, पण महाराष्ट्राने त्याला निरोप दिला तो नोव्हेंबर २००७ मध्ये. तरीही जुन्या व्यवहारांची छाननी करताना वकील या कायद्याखालची ‘यूएलसीची ऑर्डर’ मागतात. सवलतीच्या अटी अंगाला चिकटलेली जमीन पुढे त्रास देते, म्हणून.

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद खटल्यात स्टिल्ट पार्किंग फ्लॅटपासून वेगळं काढून विकता येणार नाही, असं ठरवलं. पार्किंगची स्वतंत्र पावती फाडून पैसे घेणाऱ्या शहरांत हा निकाल गाजला. पण विक्री आधी आणि तंटा नंतर, हा क्रम काही मोडला नाही.

तो मोडायचा प्रयत्न केंद्राच्या आधी महाराष्ट्राने केला. राज्याने २०१२ चा स्वतःचा गृहनिर्माण नियमन कायदा केला होता. केंद्राच्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, ९२ व्या कलमात त्याचं नाव घेऊन तो रद्द केला. १ मे २०१७ पासून रेरा पूर्णपणे लागू झाला आणि राज्याच्या प्राधिकरणाचं, म्हणजे महारेराचं, काम सुरू झालं. नोंदणीशिवाय जाहिरात नाही, विक्री नाही. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात. सुपर बिल्ट-अपच्या फुगवट्याला कार्पेट एरियाच्या व्याख्येने चाप बसला. ‘प्री-लाँच’चा स्वस्त भाव हे गुंतवणूकदाराचं लाडकं कुरण होतं, नोंदणीच्या अटीने ते कायद्याबाहेर गेलं.

तरी रेराने गुंतवणूकदाराला हाकललं नाही. ज्याला सदनिका दिली तो ‘वाटपग्राही’. त्याने ती राहायला घेतली की विकायला, हे व्याख्या विचारत नाही. ताबा वेळेवर मिळाला नाही तर पैसे व्याजासह परत मागायचा हक्क बिनशर्त आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये न्यूटेक निकालात म्हटलं. ग्राहक न्यायालयात मात्र वाट इतकी सरळ नाही. तिथे खरेदी व्यापारी हेतूने झाली, असा बचाव बिल्डर घेतो आणि दहा फ्लॅट घेणाऱ्याला उत्तर शोधावं लागतं.

खरी फारकत दिवाळखोरीच्या कायद्याने केली. २०१८ च्या दुरुस्तीने घर घेणाऱ्यांना वित्तीय धनको मानलं, बँकांच्या रांगेत बसवलं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पायोनियर निकालाने ती दुरुस्ती उचलून धरली. पण केवळ सट्ट्यासाठी आलेल्याला हे दार नाही, असा इशाराही दिला. २०२० मध्ये दिवाळखोरीच्या अर्जासाठी एकाच प्रकल्पातले किमान शंभर किंवा दहा टक्के खरेदीदार एकत्र येण्याची अट आली. सप्टेंबर २०२५ मध्ये मानसी ब्रार फर्नांडिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रेघ आणखी ठळक केली. बायबॅक आणि ठरावीक परताव्याची हमी घेऊन पैसे दिले असतील, तर हा माणूस घर घ्यायला आलेला नाही. त्याला दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करता येणार नाही. ‘खात्रीचा परतावा’ हे शब्द ज्याला भुलवतात, त्याच्याच विरुद्ध ते पुरावा ठरतात.

गुंतवणूकदाराला नावानिशी ओळखणारी दोन दारं वेगळीच निघाली. एक, मुद्रांक शुल्काचं. बिल्डरकडून घेतलेली सदनिका ठरावीक मुदतीत पुढे विकली तर आधी भरलेलं शुल्क नव्या व्यवहारात वळतं करून मिळतं. ही मुदत राज्याने २०२२ मध्ये एका वर्षावरून तीन वर्षं केली. महसूल खात्याला गुंतवणूकदार कळतो, कारण तो पुन्हा पुन्हा दस्त नोंदवतो. दुसरं दार सेबीचं, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामकाचं. २०१४ मध्ये रीटचे, म्हणजे मालमत्तेत पैसा लावणाऱ्या न्यासांचे, नियम आले, आणि मार्च २०२४ मध्ये छोट्या रीटचे, ज्यांत किमान दहा लाख रुपये गुंतवावे लागतात. मालमत्तेचा तुकडा विकणाऱ्या कंपन्यांना त्यामुळे देखरेखीखाली यायची वाट मिळाली. इथे माणूस घर घेतच नाही, युनिट घेतो, आणि तसं म्हणायला लाजतही नाही.

म्हणून पैसा लावणाऱ्याने सही करण्याआधी एकच गोष्ट ठरवून घ्यावी. फ्लॅटच्या करारावर सही करायची तर कायद्याच्या नजरेत घर घेणारा म्हणून उभं राहायचं: बायबॅक नको, हमीचा परतावा नको, महारेरा नोंदणी, कार्पेट एरिया आणि ताब्याची तारीख करारात छापलेली हवी. परतावाच हवा असेल, तर तो सेबीच्या दाराने मागावा. दोन्हींच्या मधल्या कागदाला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा नाही.