पिसांच्या पांघरुणाची खोळ

यवतमाळ जिल्ह्यांतील मुकुटबन हें कापसाच्या मुलखांतील गांव. हिवाळ्यांत रानडुकरांपासून पीक राखण्याकरितां या भागांतील शेतकरी रात्रीं शेतावर जागलीस जातात. अंगावर गोधडी असते. दंव पडूं लागलें कीं तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद ओढून घेण्याचा मोह होतो. पहांटे कागद उचलून पाहावा, तों गोधडीची वरची बाजू दमट लागते आणि अंगांत हुडहुडी भरलेली असते. दंव तर कागदाच्या बाहेर राहिलें. मग आंत पाणी आलें कोठून? तें निजणाराच्या स्वतःच्या अंगांतूनच आलेलें असतें.

मनुष्य स्वस्थ पडला असतांनाहि त्याच्या त्वचेतून व श्वासांतून पाण्याची वाफ अखंड बाहेर पडत असते. घामाचा थेंब दिसत नाहीं म्हणून ती जाणवत नाहीं, इतकेंच. दिवसरात्र मिळून हें पाणी अर्ध्या लिटरहून अधिक भरतें. या वाफेस वाट मिळाली नाहीं, तर ती थंड कागदास लागून निवते, तिचे थेंब होतात आणि ते पांघरुणांत उतरतात. शेतांत जी गत गोधडीची होते, तीच हिमालयांत पिसांनीं भरलेल्या भारी स्लीपिंग बॅगेची होऊं शकते. म्हणून अशी बॅग किंवा जाकीट घेतांना आंत पिसें किती हें पाहावेंच. परंतु वरची खोळ कोणत्या कापडाची आहे, ही गोष्टहि तितकीच महत्त्वाची मानावी.

हा प्रश्न आतां केवळ परदेशी गिर्यारोहकांचा राहिलेला नाहीं. मुकुटबनच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांच्या पांच आदिवासी विद्यार्थ्यांनीं मे २०१८ मध्यें एव्हरेस्टचें शिखर गांठलें. शहरांतील घरांतूनहि मुलें सुटींत हिमालयाकडे पायीं भटकंतीस जातात आणि त्यांची ही खरेदी बहुधा वडील माणसांनाच करावी लागते.

ऊब ही कापसांत नसते आणि पिसांतहि नसते. ती त्यांच्या पोकळींत अडकलेल्या स्तब्ध हवेमुळें टिकते. बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवर पिसांखालीं जी मऊ लव असते, तिचे तंतु एका बिंदूपासून चोहोंकडे पसरलेले असतात. त्यामुळें थोड्या वजनांत पुष्कळ हवा कोंडली जाते. परंतु ही लव भिजली कीं तिचे गोळे होतात, हवा निघून जाते आणि ऊब नाहींशी होते. तेव्हां खोळीचीं कामें तीन: वारा अडवावा, लव आंत राखावी आणि वाफ मात्र बाहेर जाऊं द्यावी.

विरळ मांजरपाटाची खोळ घातली तर रजईचा कापूस बाहेर डोकावतो, हें प्रत्येक घरांत ठाऊक आहे. म्हणून पिसांकरितां अतिशय बारीक धाग्याचें, दाट विणीचें कापड घेतात आणि तें तापलेल्या रुळांमधून दाबून काढतात. विणींतील छिद्रें त्यानें इतकीं लहान होतात कीं वाऱ्याचा झोत त्यांतून सहसा शिरत नाहीं. वाफेचे सूक्ष्म कण मात्र निसटून जातात. कापडाच्या चिठ्ठीवर ‘डेनियर’ हा आंकडा असतो. ९००० मीटर धाग्याचें वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनियर. आंकडा लहान असेल तर धागा बारीक व कापड हलकें. परंतु तें कांट्याकुपाट्यांत लवकर फाटतें, हेंहि ध्यानांत ठेवावें.

१९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेंत जॉर्ज फिंच या रसायनशास्त्रज्ञानें बलूनच्या कापडाची खोळ असलेला, आयडर बदकाच्या लवेनें भरलेला कोट नेला होता. सोबत्यांनीं प्रथम त्याची थट्टा केली. थंडीनें गांठल्यावर त्यांनाच त्या कोटाचा हेवा वाटूं लागला. हेच फिंच पुढें १९५२ ते १९५७ या काळांत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते.

कापूस पिकविणाऱ्या मुलखास आणखी एक गोष्ट ऐकून कौतुक वाटेल. दुसऱ्या महायुद्धांत समुद्रांत पडणाऱ्या वैमानिकांकरितां मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्यें ‘व्हेंटाइल’ नांवाचें कापड तयार झालें. तें निव्वळ कापसाचें, लांब तंतूंच्या सुतानें घट्ट विणलेलें. कोरडें असतां त्यांतून वाफ जाते. भिजलें कीं सूत फुगून छिद्रें मिटतात आणि पाणी अडतें. दोष इतकाच कीं, ओलें झाल्यावर तें जड व ताठ होतें.

पाणी अडविण्याचे दुसरे मार्ग दोन. एक, कापडावर रबरासारखा लेप देणें; लेप जाड असेल तर त्या कापडांत आणि प्लॅस्टिकच्या कागदांत फारसा भेद उरत नाहीं. दुसरा, कापडाच्या आंतून सूक्ष्म छिद्रांचा पातळ पापुद्रा चिकटविणें. १९६९ मध्यें अमेरिकेंत रॉबर्ट गोर यांनीं टेफ्लॉन ताणून असा पापुद्रा बनविला, त्यांतून ‘गोर-टेक्स’ कापड निघालें. त्याच्या छिद्रांतून पाण्याचा थेंब जात नाहीं, वाफ जाते. परंतु आंतली हवा दमट व बाहेरची कोरडी असेल तेव्हांच वाफ बाहेर ओढली जाते. म्हणून हिमालयाच्या थंड कोरड्या हवेंत असें जाकीट उपयोगी पडतें. सह्याद्रीच्या भर पावसांत, जेथें बाहेरची हवाच ओलीचिंब असते, तेथें तेंहि आंतून ओलें होतें. तो दोष कापडाचा नव्हे.

यावरून निवड अशी करावी. तंबूंत वापरावयाच्या पिसांच्या बॅगेस लेपाचें कापड नको. दाट विणीचा, लेपाविना हलका नायलॉन पुरे. पाऊस अडविणें हें तंबूचें काम आहे. उघड्यावर निजावयाचें असेल तरच पापुद्र्याचें कापड घ्यावें. पावसाळी जाकीट पिसांच्या जाकिटाहून वेगळें ठेवावें आणि त्यास कांखेंत उघडतां येणारी चेन असावी.

विक्रेत्याच्या शब्दापेक्षां स्वतःची परीक्षा बरी. बॅग दोन्ही हातांनीं दाबून पिसें बाहेर डोकावतात काय, तें पाहावें. कापडाचा तुकडा मिळाल्यास तो ओठांस लावून जोरानें फुंकावें. फुंकर मोठ्या कष्टानें थोडी पार व्हावी. मग ऊन पाण्याच्या पेल्यावर तो तुकडा ताणून बांधावा आणि वर चार बोटें अंतरावर थंड आरसा धरावा. आरसा धुरकटला तर कापड वाफ सोडतें असें समजावें. हाच प्रयोग प्लॅस्टिकचा कागद बांधून केला असतां आरसा स्वच्छ राहतो. फरक लहान मुलासहि कळेल.

आणि जागलीच्या शेतकऱ्यास तर नवी खोळ विकत घेण्याचेंहि कारण नाहीं. तोच कागद गोधडीवर न ओढतां चार काठ्यांवर हातभर उंच ताणावा आणि बाजू मोकळ्या सोडाव्या. दंव वर थांबेल, अंगाची वाफ बाजूंनीं निघून जाईल आणि पहांटे गोधडी कोरडी लागेल.