आमच्या गावचा ‘स्नोफॉल’

दर थंडीत एक दिवस असा उजाडतो, की सकाळी सातपासून माझा मोबाइल थांबतच नाही. ‘अगं, तुमच्याकडे बर्फ पडलाय म्हणे! कधी येऊ?’ पेपरात वेण्णा लेकच्या पांढऱ्याशुभ्र जेटीचा फोटो झळकलेला असतो. माझं घर मेटगुताडचं, म्हणजे महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावरचं. त्यामुळे पुण्यातल्या मित्रमंडळींसाठी मी हिमवर्षावाची अधिकृत प्रवक्ती!

या जानेवारीत ऑफिसातले तिघं खरंच आले. शनिवारी पहाटे साडेपाचला स्वेटर, कानटोप्या, मफलर असा सगळा जामानिमा करून आम्ही वेण्णा लेकवर हजर. आणि काय सांगू! जेटीच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपांवर, गवताच्या पात्यापात्यावर साखर भुरभुरावी तसा पांढरा थर. एकानं गाडीच्या टपावर बोटानं स्वतःचं नाव कोरलं. मैत्रिणीनं मूठभर चुरा गोळा करून दुसऱ्याच्या कॉलरमध्ये टाकला. मग लिंगमळ्याच्या बाजूला करकर वाजणाऱ्या गवतातून एक चक्कर, वर टपरीवरचा आल्याचा चहा. मनाली गेली उडत!

आता खरं सांगू? हा बर्फ आभाळातून पडतच नाही. ढग नाहीत, वारा नाही अशा रात्री जमीन दिवसभराची ऊब वर सोडून देते. गार हवा जड, त्यामुळे ती उतारावरून घरंगळत तळ्याकाठच्या खोलगट भागात येऊन बसते. गवतालगतचं तापमान शून्यापर्यंत उतरतं आणि दव गोठतं. म्हणूनच बातम्यांमध्ये पारा शून्याच्या बराच वर असतानाही इथे हिमकण दिसतात. माझी आजी याला ‘दहिवर’ म्हणायची. उन्हं वर आली, की खेळ खल्लास!

घरी परतलो तर बाबा स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात उकिडवे बसलेले. मित्र उत्साहात म्हणाला, ‘‘काका, उद्या अजून पडायला पाहिजे!’’ बाबा नुसतेच हसले. दहा-अकराच्या सुमारास त्यांनी आम्हाला हाक मारली आणि एक फूल दाखवलं. पाकळ्या पांढऱ्या, टवटवीत. मधला पिवळा गोंडा मात्र काळा.

‘‘ह्याला आता फळ धरत नाही,’’ एवढंच बोलले.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय मानांकन मिळालं, हे आम्ही कौतुकानं सांगतो. पण ज्या थंडीमुळे ही स्ट्रॉबेरी इथे पिकते, तीच एका रात्रीत जास्त झाली तर फुलं करपतात. लहानपणापासून मला हे माहीत आहे. तरी दरवर्षी फोटो टाकताना मी ते सोयीस्करपणे विसरते. त्या दिवशी जरा लाजच वाटली.

संध्याकाळी बाबांनी पांढऱ्या क्रॉप कव्हरचे गुंडाळे बाहेर काढले, तेव्हा कुणी काही न बोलता चौघंही कामाला लागलो. अंधार पडायच्या आत जमिनीची ऊब आच्छादनाखाली कोंडायची असते. एक जण टोक धरतोय, दुसरा कडेला माती लोटतोय... नखांत माती, बोटं बधिर आणि गप्पा अखंड! रविवारी पहाटे पुन्हा गोठलं. या वेळी आम्ही लेकवर गेलोच नाही. टॉर्च घेऊन वाफ्यावर गेलो. कव्हरवर बर्फाचा थर होता, आणि खालची फुलं अकरानंतरही पिवळीच होती. सगळी नाही, पण बरीचशी. बाबांनी मित्राच्या पाठीवर थाप मारली, ‘‘आता पडू दे तुझा बर्फ!’’

तेव्हा मंडळी, डिसेंबर-जानेवारीत जरूर या. आकाश निरभ्र आणि वारा शांत असलेली रात्र गाठा, सूर्य उगवायच्या आधी पोचा, हातमोजे विसरू नका. फक्त फोटोसाठी कुणाच्या वाफ्यात शिरू नका. आणि जाताना रस्त्यावरच्या शेतकऱ्याकडून एक पेटी घ्या. घासाघीस न करता!