‘शेक’ या शब्दाने केलेला घोटाळा

कर्करोगावर किरण दिले की आपल्याकडे ‘शेक दिला’ म्हणतात. शब्द सोयीचा, पण फसवा. किरण घेताना रुग्णाला ऊब जाणवत नाही. गेल्या महिन्यात एक बाई मुलाबरोबर दवाखान्यात आल्या. स्तनाची शस्त्रक्रिया व किरण होऊन तीन वर्षे झालेली, आता छातीवर व्रणाशेजारी पुन्हा गाठ. उष्णता आणि किरण मिळून परतलेल्या कर्करोगावर इलाज होतो, असे मुलाने वाचले होते. किरण, म्हणजे ‘शेक’, तर झालेच होते. म्हणून घरी विटेचा शेक सुरू! किरण घेतलेली कातडी नाजूक असते. टरारून फोड आले होते.

मुलाने वाचले ते मात्र खोटे नव्हते.

एका जागी किरणांची पूर्ण मात्रा दिल्यावर तिथेच पुन्हा तेवढी देणे कठीण असते, कारण शेजारच्या निरोगी भागाला ती सोसत नाही. अशा वेळी काही रुग्णांत गाठीतच पोकळ सुया किंवा नळ्या बसवून इरिडियमसारखा किरणोत्सर्गी पदार्थ आत नेतात. ही ब्रॅकीथेरपी. मारा अगदी जवळून होतो आणि थोड्या अंतरावर त्याचा जोर झपाट्याने उतरतो. त्याच नळ्यांतून बारीक अँटेना घालून गाठ सुमारे ४१ ते ४३ अंश सेल्सियसपर्यंत तासभर तापवता येते. याला हायपरथर्मिया म्हणतात. किरणांनी पेशीतील डीएनए तुटतो आणि पेशी तो सांधू पाहते. उष्णता त्या दुरुस्तीत खोडा घालते. शिवाय गाठीच्या ज्या भागात प्राणवायू कमी पोचतो, तिथल्या पेशी किरणांना सहसा दाद देत नाहीत, पण उष्णतेपुढे लवकर मान टाकतात.

मग गुण किती? १९९६ साली स्तनाच्या कर्करोगावरील पाच चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष आला. त्यात किरण बाहेरून दिले होते. नुसत्या किरणांनी ४१ टक्के रुग्णांची गाठ पूर्ण विरघळली, उष्णता जोडल्यावर ५९ टक्क्यांची. आयुष्य मात्र वाढलेले दिसले नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील चाचणीत, परतलेल्या किंवा न हटलेल्या गाठींत सुया घालून दोन्ही उपचार केले, तेव्हा फरकच पडला नाही. ठरवलेल्या निकषाइतकी उष्णता जवळजवळ कोणालाच मिळाली नव्हती! गाठीतून वाहणारे रक्त उष्णता वाहून नेते. म्हणून आत तापमापक ठेवून मोजावे लागते. विटेने तापते ती कातडी.

मुलाने विचारले, “डॉक्टरसाहेब, आईला हे मिळेल का?” गाठ तेवढ्याच जागी आहे की रोग इतरत्र पसरला आहे, हे आधी पाहावे लागेल, असे मी सांगितले. पसरला असेल तर एका जागेचा इलाज पुरत नाही. अशी यंत्रेही मोजक्याच ठिकाणी असतात. पूर्वी किती ‘ग्रे’ किरण दिले, तो कागद सर्वांत महत्त्वाचा; नेमका तोच घरी कपाटावर पडलेला.

बाईंच्या फोडांवर मलमपट्टी केली, कर्करोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली आणि मुलाला तो कागद आणायला पिटाळले.