भिडू हरवलेला डाव

लोकलच्या डब्यातली समोरासमोरची बाकं पत्त्यांसाठीच बांधली असावीत, असं लहानपणी मला वाटायचं. खिडकीपाशी दोघं, त्यांच्या शेजारी दोघं, चौघांच्या गुडघ्यांवर आडवी ठेवलेली ब्रीफकेस आणि तिच्यावर पसरलेला पेपर. बोरिवली सुटली की कॅट पिसायला घ्यायचे. अंधेरी येईपर्यंत मेंढीकोटातली निदान एक मेंढी धरलेली असायची आणि दादरला उतरणारा गडी उठता उठता आपली पानं मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात देऊन जायचा. नवा माणूस पानं लावायचा, एकदा तिरक्या समोरच्या भिडूकडे बघायचा आणि डाव पुढे सुरू. दोघांना एकमेकांची नावंही ठाऊक नसायची. भिडू एवढी ओळख पुरत असे.

गेल्या वर्षभरात मी अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली अशा ठिकाणी पत्ते खेळणाऱ्यांचे शब्द वहीत टिपत होतो. सुरुवात पोकरपासून झाली. माझा भाचा अंधेरीत मित्रांबरोबर पोकर खेळतो. त्यांच्या तोंडी फोल्ड, कॉल, रेझ, चेक, ऑल-इन, ब्लफ हे शब्द असतात. टेबलावर आधी उघडणाऱ्या तीन पानांना फ्लॉप, चौथ्याला टर्न, पाचव्याला रिव्हर. हाती दोन एक्के आले तर पॉकेट रॉकेट्स. सतत हरणाऱ्या कच्च्या खेळाडूला फिश, आणि हरल्यावर डोकं फिरून वेड्यासारखे पैसे लावू लागलेल्या माणसाला तो टिल्टवर गेला असं म्हणतात. ही बोली ऐकताना माझ्या कानाला एक गोष्ट खटकली. दीड तासात शंभरेक शब्द ऐकले, पण भिडूसाठी एकही शब्द आला नाही. पोकरला भिडू लागतच नाही.

मग मी उलट्या दिशेने निघालो.

आपल्याकडे पत्त्यांची मूळ बोली कुठून कुठून आली, हे नुसत्या चार रंगांवरून कळतं. बदाम फारसीतून आलेला. चौकट आपल्या दाराची. इस्पिकाला फ्रेंच लोक पीक म्हणतात आणि किलवरला डच लोक क्लाव्हर. हुकूम आणि गुलाम हे दोन्ही शब्द अरबी. बंदरावर उतरलेला माल जसा गोदामात एकमेकांशेजारी रचून ठेवावा, तसे हे शब्द एका बावन्न पानी कॅटमध्ये येऊन बसले आणि मराठी झाले. पानांची उतरंड मात्र अस्सल घरची: एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, पुढे कुणाची नव्वी तर कुणाची नश्शी, आणि दश्शी. ही यादी म्हणून दाखवताना मुलुंडच्या एका सत्तरीतल्या आजींचे डोळे चमकले होते. त्यांच्या नातीला यातलं फक्त एक्का ठाऊक होतं.

क्रियापदं तर त्याहून सुंदर. पानं पिसायची, काटायची, वाटायची, लावायची. मग उतारी करायची. हात करायचा. हुकूम मारायचा किंवा भिडूचा हात चालला असेल तर आपलं हलकं पान टाकून मोकळं व्हायचं. मेंढीकोटात दश्शीला मेंढी म्हणतात, चारही मेंढ्या एका बाजूला गेल्या की समोरच्यांवर कोट चढतो. हुकूम ठरवण्याच्या दोन रीती, त्यांची नावंही नेमकी. बंद हुकुमात एक पान पालथं ठेवलेलं असतं आणि कुणाकडे उतारीचा रंग संपला की ते उघडतं. कट हुकुमात ज्याच्याकडे उतारीचा रंग नसतो तो जे पान टाकेल त्याचाच रंग हुकूम होतो. पाच-तीन-दोन, सात-आठ, बदाम सात, झब्बू, नॉट ॲट होम, तीनशे चार, लॅडीस. प्रत्येक खेळाची आपली वेगळी परिभाषा आहे आणि ती उन्हाळ्याच्या सुट्टीत, गणपतीच्या जागरणात, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात गेलेली आहे.

यातला भिडू हा शब्द भिडणे या क्रियापदाच्या घरातला. डावात आपल्या बाजूने भिडतो तो भिडू. तिथून तो मुंबईच्या रस्त्यावर गेला आणि मित्र या अर्थी रुळला. मे २०२४ मध्ये अभिनेते जॅकी श्रॉफ यांनी आपलं नाव, आवाज आणि ओळख परवानगीशिवाय वापरू नये म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा त्या मागणीत भिडू हा शब्दही होता. पण त्या आधी किती पिढ्यांनी हा शब्द पत्ते हातात धरून उच्चारला असेल!

भिडू नसलेले खेळ आपल्याकडे नव्हतेच, असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं, एकूण १२०. त्यात तिघं खेळतात आणि प्रत्येक जण स्वतःपुरता. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. एकट्याचा खेळ आपल्याला नवा नाही. तिथे पणाला लागायची ती आठवण, कुठली पानं पडून गेली ती लक्षात ठेवण्याची ताकद.

पैशाच्या खेळाची बोली निराळी आहे. ती उपनगरात आली तीन पत्तीबरोबर. हा खेळ इंग्लंडमधल्या ब्रॅग नावाच्या खेळाचा भाऊ, म्हणजे पोकरच्या भावकीतला. घाटकोपर आणि मुलुंडच्या गुजराती, कच्छी घरांतून श्रावणात सातम-आठमला तो रात्ररात्र चालतो, मराठी घरांतून दिवाळीत. त्याचे शब्द दोन्ही घरांत सारखेच. डावाच्या सुरुवातीला प्रत्येकाने मध्ये टाकायची रक्कम म्हणजे बूट. पानं न बघता खेळणारा ब्लाइंड, बघून खेळणारा सीन. पैसे लावणं म्हणजे चाल. सीन माणसाला ब्लाइंडच्या दुप्पट चाल द्यावी लागते. पानं टाकून बाहेर पडणारा पॅक. शेवटी दोघंच उरले की शो. आणि मध्येच शेजारच्या सीन गड्याला हळूच पानं दाखवून तुझं मोठं की माझं हे ठरवायचं, हरेल त्याने पॅक व्हायचं, तो साइड शो. या साऱ्या बोलीत दोन माणसं जवळ येतात ती याच एका जागी, तीही एकाला बाहेर काढण्यासाठी.

खेळाच्या पोटजातींची नावं ऐकण्यासारखी आहेत. एके-४७ मध्ये एक्का, राजा, चव्वी आणि सत्ती हे सगळे जोकर. मुफलिसमध्ये ज्याची पानं सर्वांत हलकी तो जिंकतो. मुफलिस म्हणजे कंगाल. डावाला असं नाव देणाऱ्याने खेळाचा शेवट नक्की पाहिलेला असणार.

इथे थोडं गणित मांडतो, कारण खेळणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते मांडलेलं असतं. बावन्न पानांतून तीन पानं २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यातल्या १६,४४० प्रकारांत हाती काहीच लागत नाही, जोडीसुद्धा नाही. म्हणजे चारातले जवळजवळ तीन डाव कोरे. जोडी ३,७४४ वेळा, नुसता कलर (तिन्ही पानं एका रंगाची) १,०९६, सिक्वेन्स (ओळीची पानं) ७२०, प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगातली ओळ) ४८ आणि ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, ५२. ट्रेल येण्याची शक्यता ४२५ डावांत एकदा. गंमत बघा, प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षाही दुर्मीळ आहे, तरी सगळ्या टेबलांवर ट्रेल तिच्या वर धरली जाते. हा क्रम गणितातून आलेला नाही, तीन एक्के एकत्र बघितल्यावर छातीत जे होतं त्यातून आला असावा. आणि कोऱ्या पानांवरच बहुतेक डाव खेळायचे असल्यामुळे या खेळाचं खरं हत्यार थाप. पोकरवाले त्यालाच ब्लफ म्हणतात.

पोलिसांची बोली याहून वेगळी. मराठी वर्तमानपत्रांतल्या छाप्यांच्या बातम्या काढून बघा. तिथे हाच खेळ तिरट होतो, आणि त्याच्या बरोबरीने झन्ना-मन्ना, अंदर-बाहर, मांग-पत्ता येतात. पैसे लावून हारजितीचा खेळ खेळताना मिळून आले, अशी वाक्यरचना ठरलेली. अड्डा चालवणारा प्रत्येक डावातून आपला जो हिस्सा काढून घेतो त्याला नाल म्हणतात. पोकर क्लबात त्याच हिश्श्याला रेक म्हणतात. नाव इंग्रजी झालं की टेबलावरचा माणूस ते पैसे निमूट देतो, हे मी पाहिलेलं आहे. पण दोन्हींचं काम एकच: खेळणारे आळीपाळीने जिंकोत वा हरोत, अड्ड्याचा पैसा वाढतच राहतो.

महाराष्ट्रात या सगळ्याला लागू होणारा कायदा १८८७ चा आहे. अड्डा चालवणं कलम ४ खाली गुन्हा, अड्ड्यात सापडणं कलम ५ खाली. केवळ कौशल्याचा खेळ असेल तर कायदा त्याला हात लावत नाही. मग कौशल्य कशाला म्हणायचं, यावर न्यायालयांत दशकानुदशकं वाद झाले. सर्वोच्च न्यायालयाचा आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण हा १९६८ साली प्रसिद्ध झालेला निकाल रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानतो. त्याच निकालात फ्लश किंवा ब्रॅग नावाने चालणारा तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा ठरवला आहे. पोकरच्या बाबतीत गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारच असल्याचं म्हटलं. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी केलेला कायदा कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. ज्याला हौस भागवायची तो गोव्याला, मांडवीतल्या बोटींवर जात राहिला. मोबाइलवर पैसे लावून चालणाऱ्या खेळांना बंदी घालणारा केंद्राचा कायदा २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने झाला.

या बंदीचं मी मनापासून स्वागत करतो. मोबाइलवरच्या तीन पत्तीने जे केलं ते मटक्यालाही जमलं नव्हतं. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्यामुळे मुंबईत मटका फोफावला. खत्री पत्त्यांच्या कॅटमधून तीन पानं काढायचा, त्यांची बेरीज करून शेवटचा आकडा जाहीर व्हायचा. तीन, सहा, आठ अशी पानं आली तर बेरीज सतरा, आकडा सात, आणि ३६८ हा पाना. पत्त्याचं पान असं आकड्याचा पाना झालं. गिरणी कामगारांचे किती पगार त्यात गेले! पण तो आकडा लावायला निदान घराबाहेर पडावं लागे, कुणाच्या तरी नजरेला पडावं लागे. मोबाइलवर हरणारा माणूस पांघरुणात हरतो, शेजारी झोपलेल्या बायकोलाही कळत नाही.

जुगाराची बोली आपल्याकडे फार जुनी आहे, हे विसरून चालणार नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त एका जुगाऱ्याचं आहे. बेहड्याच्या बियांचे फासे, दुरावलेली बायको, ओळख नाकारणारे आप्त, सगळं त्यात आहे. कृत, त्रेता, द्वापर, कली ही युगांची नावंही मुळात फाशांच्या दानांची. कृत सर्वांत चांगलं दान, कली सर्वांत वाईट. आज आपण बोलता बोलता कुणाचा पत्ता कट करतो, कुणाला हुकमाचा एक्का म्हणतो, पत्त्यांचा बंगला कोसळला म्हणतो. शेअर बाजारातल्या ब्लू चिप कंपन्यांना ते नाव मिळालं पोकरच्या टेबलावरच्या सर्वांत मोलाच्या निळ्या चकत्यांवरून. माझ्या भाच्याच्या पिढीने नोकरी सोडून धंद्यात पडण्याला ऑल-इन म्हणायला सुरुवात केली आहे. शब्द असे टेबलावरून उठून आयुष्यात जाऊन बसतात. म्हणूनच कुठले शब्द टेबलावर आहेत, याची मला काळजी वाटते.

८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. अंधेरी ते घाटकोपर हा बसमधला जीवघेणा प्रवास काही मिनिटांवर आला, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण मेट्रोत बाकं भिंतीला लागून असतात. माणसं एका रांगेत बसतात, समोर दुसरी रांग, मध्ये उभ्यांची गर्दी. गुडघ्याला गुडघा लावून डाव मांडायला जागाच नाही. लोकलमध्येही ब्रीफकेस गेल्या, पाठीवरच्या सॅक आल्या, आणि समोरासमोर बसलेले चौघं आपापल्या मोबाइलवर चार वेगळे डाव खेळताना मी पाहतो. बोरिवलीच्या सकाळच्या गाडीत पत्त्यांचा एक गट अजून टिकून आहे. त्यांच्यातल्या एकाने निवृत्त होताना आपला तेलकट झालेला कॅट धाकट्या भिडूला दिला, हे सांगताना त्या धाकट्याचा, म्हणजे पन्नाशीच्या माणसाचा, आवाज जड झाला होता.

दिवाळीचा पाडवा पंचांगात द्यूतप्रतिपदा म्हणूनही दिलेला असतो. त्या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट खेळल्याची कथा आहे, म्हणून खेळायची चाल पडली. तेव्हा या पाडव्याला जरूर खेळा. पैसे बाजूला ठेवा, एक कॅट काढा, घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाला सर्वांत वयस्कर माणसाचा भिडू करा आणि मेंढीकोट मांडा. डाव झाल्यावर आजी-आजोबांना पानांची नावं, उताऱ्यांचे नियम, चिडवायचे शब्द विचारा, आणि कुणाच्या गावी काय म्हणतात तेही टिपून ठेवा. तुमच्या घरात नव्वी म्हणतात की नश्शी, तेवढं तरी मला कळवा. माझ्या वहीत त्या पानासाठी जागा सोडलेली आहे.