एक ताट, तीन सरकारं

विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्यामुंबईच्या पाहुण्याला 'भाजीत सांबार जास्त घातलं' असं सांगितलं की तो बुचकळ्यात पडतो. वैनगंगेच्या खोऱ्यातून हा शब्द थेट मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या लांजीपर्यंत पोचला आहे. तिकडे दक्षिणेत, तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात आमटीतून 'सांबार' जन्माला आलं, अशी गोष्ट लोक हौसेनं सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, मराठी माणूस फिरत फिरत जिथे जिथे पोचला तिथे त्याच्या ताटात काय उरलं हे पाहणं मला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवून जातं. म्हणून आज लांजीचं ताट.

लांजी हे तहसिलीचं गाव. जुना किल्ला, कोटेश्वराचं प्राचीन मंदिर, चहूकडे धानाच्या बांध्या. शाळेची भाषा हिंदी, राजधानी भोपाळ. पण एका अंगाला बाघ नदीपलीकडे महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा, दुसऱ्या अंगाला डोंगरापलीकडे छत्तीसगड. 'परदेशस्थ मराठी' म्हटलं की आपल्याला न्यू जर्सी आठवतं, फार तर इस्रायल. बेने इस्रायली मंडळींनी कोकणातले पोहे, गूळ, खोबरं घेऊन आपला मलिदा तिकडे नेला, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही काढलं. ते बोटीत बसून गेले. लांजीच्या माणसाला पायरीही उतरावी लागली नाही.

31 ऑक्टोबर 1956 पर्यंत लांजीच्या राज्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. राजधानी एका रात्रीत नागपूरहून भोपाळला गेली. आणखी मागे जा, तर चित्र उलटं दिसतं. एके काळी भंडाऱ्याच्या मुलखाचा कारभार लांजीहून चालत होता. 1820-21 च्या सुमारास मुख्यालय भंडाऱ्याला हललं. पुढे 1867 मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनीचे तुकडे जोडून इंग्रजांनी बालाघाट जिल्हा उभा केला. तेव्हा लांजीला 'महाराष्ट्राबाहेरचं गाव' म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, की महाराष्ट्र राज्य 1960 चं आणि लांजीचा किल्ला कित्येक शतकांचा.

गहू विसरलेले पोवार

या भागातली मोठी शेतकरी जात म्हणजे पोवार. हे मूळचे माळव्याचे, धारकडचे. रसेल आणि हिरालाल यांनी जातीजमातींवरच्या 1916 च्या आपल्या ग्रंथात त्यांची वाट नोंदवली आहे: आधी रामटेकजवळचं नगरधन, मग नागपूरकर भोसल्यांची चाकरी, कटकची मोहीम, आणि मग वैनगंगेच्या काठी जमिनी. म्हणजे लांजीच्या घरांत स्थलांतराचे दोन थर आहेत. एकदा माणसं चालत आली, एकदा सीमा चालत आली.

माळवा हा गव्हाचा मुलूख. वैनगंगेच्या चिखलात आल्यावर पोवार धानाचे असे उस्ताद झाले की पाणी कुठून वळवावं आणि बांध कुठे घालावा यात त्यांचं नाव झालं. जेवणात सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. सणाला वडे आणि पुऱ्या. बोलीचंही असंच झालं. पोवारी ऐकली की हिंदीवाल्याला ती मराठी वाटते, मराठीवाल्याला हिंदी. ग्रिअर्सनने भाषांच्या पाहणीत ती बघेलीच्या रांगेत बसवली, 2011 च्या जनगणनेत तिचे 3 लाखांहून जास्त बोलणारे हिंदीच्या खात्यात मोजले गेले. चुलीपाशी बसून ऐकलं असतं तर इतक्या सहजासहजी तिला एका खात्यात टाकता आलं नसतं, असं मला वाटतं.

चिनोरला दोन शिक्के

लहान दाण्याचा, मऊ, शिजताना घरभर दरवळणारा चिनोर तांदूळ. 'बालाघाट चिन्नौर' म्हणून त्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सीमेच्या अल्याड भंडाऱ्याच्या चिनोरलाही वेगळं मानांकन आहे. तीच वैनगंगा, तसाच चिखल, नावही तेच, आणि शिक्के दोन. शेतकऱ्याला भाव मिळत असेल तर दहा शिक्के मारा, माझी तक्रार नाही. पण चिनोरचं उत्पादन कमी आणि दिवस जास्त लागतात. घरात पाहुणा यायचा म्हणून एक बांधी चिनोर लावणारे शेतकरी आहेत तोवरच हे वाण टिकणार.

लाखोळीवर बंदी

आता खरी गोष्ट. धान कापायला दोन-तीन आठवडे असतात, बांधीत ओल असते. त्या उभ्या पिकातच लाखोळीचं बी फेकतात. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धान निघालं की खाली हिरवं गालिचासारखं पीक उभं. याला उतेरा म्हणतात. कोवळा पाला भाजीला, शेंगा पोरांना, डाळ वर्षभराच्या वरणाला आणि वड्यांना, भुसा बैलाला. भंडारा, गोंदिया, बालाघाट आणि छत्तीसगड या सगळ्या धानपट्टीत गरिबाच्या घरची प्रथिनं ती हीच. हिंदीत हिला खेसारी, छत्तीसगडात तिवरा.

हिच्यात एक विषही आहे. बीटा-ओडॅप नावाचं. दुष्काळात महिनोन्‌महिने दुसरं काहीच न खाता फक्त लाखोळी खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडतात. आयुर्वेदात या दुखण्याला कलायखंज म्हणतात. ठगांचा बंदोबस्त करणारा कर्नल स्लीमन, त्याने 1844 च्या पुस्तकात सागरकडच्या गावांतली ही लुळी माणसं पाहून लिहिलं. रीवाकडे तर सालदारांना मजुरीच लाखोळीत मिळायची. पैसा नाही, गहू नाही, लाखोळी घ्या. माणसं लुळी पडली ती या मजुरीच्या पद्धतीमुळे, आणि दंड झाला डाळीला. 1961 मध्ये केंद्राने विक्रीबंदीचा नियम केला, अंमल राज्यांवर सोडला.

मग एकाच पिकाची तीन नशिबं झाली. मध्य प्रदेशात विक्रीवर बंदी. छत्तीसगडात ती उघड पिकत आणि विकत राहिली. महाराष्ट्रात नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी या डाळीसाठी वर्षानुवर्षं लढले, उपोषणं केली, आणि 2008 मध्ये राज्याने बंदी उठवली. बाघ नदीच्या एका काठावर जी डाळ उघड विकता येते, ती दुसऱ्या काठावर विकणं गुन्हा. दरम्यान शास्त्रज्ञांनी कमी विषाची वाणं काढली: रतन, प्रतीक आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठाची महातिवरा. डाळ भिजवून, उकळून ते पाणी फेकून द्यायचं, सोबत भात-भाजी खायची, हे म्हाताऱ्या बायांना विद्यापीठाआधी माहीत होतं. चांगलं बियाणं स्वस्तात वाटा आणि ती इतर धान्यांसोबत खाल्ली जाईल एवढं पाहा. बंदीने कुणाचे पाय वाचत नाहीत, पोट मात्र रिकामं राहतं.

नावं बदलतात, चव नाही

पावसाळ्यात जंगलातून येणारे बांबूचे कोंब गोंदिया-गडचिरोलीत वास्ते, तर पलीकडे करील. वारुळावर उगवणारी रानअळंबी भंडाऱ्याकडे सात्या, बालाघाटात पिहरी, छत्तीसगडात पुटू. अळूला या पट्ट्यात कोचई. टोमॅटो भेदरं. तरोट्याचा पाला पहिल्या पावसात आठ-पंधरा दिवस मिळतो, आणि त्याचा भाव विचारणारा शहरी माणूस दुकानात पालकाची जुडी घेऊन घरी जातो.

मोहाच्या झाडाची गंमत तर आणखी. मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' म्हणून मान दिला, आलीराजपूरच्या बचतगटाची 'मोंड' बाटलीत भरून निघाली. महाराष्ट्राने 2021 मध्ये मोहफुलं गोळा करण्यावरचे, नेण्या-आणण्यावरचे निर्बंध सैल केले. आणि त्याच महाराष्ट्रात, त्याच जंगलाच्या दक्षिणेला गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. झाड मात्र चैत्रात सगळीकडे सारखंच टपटपतं. गोंड बायका पहाटे टोपली घेऊन निघतात ते फक्त दारूसाठी नव्हे. वाळवलेली मोहफुलं भाजून, कुटून भाकरीत आणि लाडवात जातात, बियांचं तेल निघतं.

धानाचा भाव विचारू नका

किंवा विचाराच. 2024-25 च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता. छत्तीसगडचं सरकार 3100 रुपयांनी, एकरी 21 क्विंटल घेत होतं. महाराष्ट्र हमीभावावर हेक्टरी 20,000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत देत होता. मध्य प्रदेशात 2023 च्या निवडणुकीत सत्ताधारी भाजपच्या जाहीरनाम्यातही 3100 चा आकडा छापला होता. लांजीच्या शेतकऱ्याने तो वाचला, मत दिलं, आणि हंगामात हातात हमीभावच पडला. छत्तीसगड दर हंगामात सीमेवर नाके बसवतं, शेजारचं धान आत येऊ नये म्हणून. पाणी मात्र सीमा मानत नाही: सिरपूर, पुजारीटोला ही बाघ प्रकल्पाची धरणं गोंदिया जिल्ह्यात, आणि पाण्यात मध्य प्रदेशचा वाटा. पाणी वाटून घेता येतं, तर भाव का नाही?

राजकारणाचं सांगायचं तर लांजी हा वेगळा विधानसभा मतदारसंघ आहे. 1999 च्या डिसेंबरात याच भागातले राज्याचे मंत्री लिखीराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी हत्या केली. त्यांची मुलगी हिना कावरे पुढे लांजीतून दोनदा निवडून आल्या आणि 2019 मध्ये विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. भोपाळच्या सभागृहात त्या पदावर बसलेली ही बाई याच धानपट्टीच्या मातीतली होती, याची महाराष्ट्रात फारशी दखल घेतली गेली नाही.

मंडई, नारबोद आणि सोयरीक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. बालाघाटात तिचंच नाव नारबोद. रोगराई, किडामुंगी सगळं घेऊन जा, असं ओरडत पोरं तिला गावाबाहेर नेतात. दिवाळी सरली की मंडया भरतात. जिलेबी, बत्तासे, ढिवरांनी तळ्यातून काढलेले शिंगाडे, रात्री दंडारीचं लोकनाट्य. मंडईचा मान गोवाऱ्यांचा. गावची गुरं वर्षभर राखणारी ही माणसं त्या दिवशी कवड्यांचा साज करून नाचतात. याच गोवारी समाजाचे 114 जण 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात विधानभवनावरच्या मोर्च्यात चेंगरून मेले. मागणी एकच होती, आम्हाला आदिवासी म्हणून मोजा. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने ती मान्य केली, 2020 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मंडईत त्यांचं नाचणं पाहताना मला तो 114 चा आकडा विसरता येत नाही.

सोयरीक अजूनही नदी ओलांडून होते. लेक आमगावची, सून लांजीची. पण कागद ओलांडत नाहीत. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस दुसऱ्या राज्यात राहायला गेला तर तिथल्या सवलती त्याला मिळत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रवेशाच्या प्रकरणात ठरवलं. गोंडाची लेक वीस-पंचवीस मैलांवर नांदायला गेली, तिची जात तीच, जंगल तेच, दाखल्याची किंमत मात्र राज्य बदललं की बदलते.

आणि शेवटी अंडं

2015 मध्ये मध्य प्रदेशात मंडला, आलीराजपूर आणि होशंगाबादच्या अंगणवाड्यांत अंडी देण्याचा प्रस्ताव होता. मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी तो फेटाळला. नंतरच्या काँग्रेस सरकारने विषय पुन्हा काढला, पण मार्च 2020 मध्ये ते सरकारच पडलं. महाराष्ट्राने नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, आणि जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा जादा निधी काढून घेतला. आदिवासी प्रकल्पक्षेत्रातल्या अंगणवाड्यांत मात्र 2015 पासूनच्या अमृत आहार योजनेत अंडं किंवा केळी देण्याची सोय आहे.

लांजीच्या गोंड, ढिवर, कुणबी घरांत कोंबडी अंगणात असते, मासळी तळ्यात असते. अंडं तिथे कुणाला परकं नाही. अंडं नको म्हणणारे त्या घरांतले नव्हते. बाघ नदीच्या दोन्ही काठांवरच्या पोरांना आठवड्यातून निदान दोन अंडी मिळाली पाहिजेत, आणि ज्या घराला अंडं चालत नाही त्या घरच्या लेकराला केळी. दोन्ही सरकारांनी हे येत्या शैक्षणिक वर्षापासून करावं.